जुना डिजिटल कॅमेरा बंद पडलाय? उघडण्याआधी एवढं तपासा

२०१० या एका वर्षात जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे विक्रीला आले. त्यातले बहुतेक खिशात मावणारे, म्हणजे कॉम्पॅक्ट होते. पुढे फोनमधला कॅमेरा सुधारत गेला आणि हे कॅमेरे कपाटाच्या वरच्या फळीवर, लग्नाच्या अल्बमशेजारी पडून राहिले. आता घरातली तरुण मुलं ते खाली काढतायत, सेल घालून बघतायत, आणि सुरू झाला नाही की "मेलाय" म्हणून परत ठेवून देतायत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मेलेले म्हणून बाजूला पडलेल्या या कॅमेऱ्यांपैकी कित्येकांचा दोष सेल, कार्ड, धूळ किंवा तुटलेलं झाकण यांपैकी एकात असतो. स्क्रूड्रायव्हरची गरजच नसते.

उदाहरणासाठी एकच कॅमेरा धरू: २००७ साली आलेला कॅननचा पॉवरशॉट ए५७० आयएस. ७.१ मेगापिक्सेल, चारपट ऑप्टिकल झूम, दोन पेन्सिल सेल, वर डोळा लावून बघायची छोटी खिडकी. छिद्र (प्रकाश किती आत येईल ते ठरवणारं लेन्समधलं भोक, अ‍ॅपर्चर) आणि शटरचा वेग हाताने ठरवायची सोयही त्यात आहे. निकॉन, सोनी, ऑलिम्पस यांच्या त्या काळातल्या कॅमेऱ्यांची आतली मांडणी थोड्याफार फरकाने अशीच असते.

आत काय चालतं

प्रकाश लेन्समधून आत येतो, छिद्राच्या पाकळ्यांमधून आणि शटरमधून पुढे जातो आणि सेन्सरवर पडतो. हा सेन्सर केवळ ५.७६ बाय ४.२९ मिलिमीटरचा, हरभऱ्याच्या डाळीच्या दाण्याएवढा आहे, आणि तेवढ्या जागेत सत्तर लाख प्रकाशबिंदू बसवलेले आहेत. प्रत्येक बिंदूवर जितका प्रकाश पडतो तितका विद्युतभार साठतो. तो भार ओळीओळीने सरकवत एका कडेला आणायचा, मोजायचा आणि आकड्यांत बदलायचा, हे सीसीडी प्रकारच्या सेन्सरचं काम. विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ही कल्पना मांडली आणि २००९च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला.

यातली एक गोष्ट दुरुस्तीच्या वेळी फार उपयोगी पडते. मागच्या पडद्यावर आपण जे हलतं चित्र बघतो, तेव्हा शटर उघडंच असतं आणि सेन्सर मोजक्याच ओळी वाचत असतो. खरा फोटो काढताना मात्र सगळ्या ओळी वाचायच्या असतात, आणि ते वाचन चालू असताना नवा प्रकाश पडू नये म्हणून बारीक पात्यांचं शटर बंद होतं. म्हणजे पडद्यावरचं चित्र आणि टिपलेला फोटो या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. एकीत पास आणि दुसरीत नापास झाला, तर दोष कुठे आहे ते घरबसल्या सांगता येतं. त्याकडे पुढे येतो.

पहिला संशयित: सेल

भिंतीवरच्या घड्याळात किंवा टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो ते स्वस्त झिंक-कार्बन सेल या कॅमेऱ्यात घालूच नका. कॅमेरा सुरू होताना लेन्सची मोटर, पडदा आणि फ्लॅशचं चार्जिंग हे सगळं एकदम वीज ओढतं. घड्याळाला लागते त्याच्या हजारो पटींनी जास्त. स्वस्त सेलचा आतला विरोध जास्त असतो. जास्त वीज ओढली की त्याचा दाब (व्होल्टेज) लगेच खाली येतो. कॅमेऱ्याला वाटतं सेल संपले, आणि तो लेन्स अर्धवट बाहेर ठेवून बंद होतो. मग आपण म्हणतो लेन्स बिघडली. अल्कलाइन सेल बरे, पण तेही लवकर दमतात.

योग्य उत्तर म्हणजे चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून बरेच जण बिचकतात, कारण साध्या सेलवर १.५ असतं. बिचकायचं कारण नाही. साधा सेल १.५ पासून सुरू होऊन वापरासोबत सतत घसरत जातो. हा सेल जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो आणि जास्त वीज ओढली तरी डगमगत नाही. पूर्वी या सेलांची एक खोड होती: नुसते ठेवले तरी महिन्या-दोन महिन्यांत उतरायचे. २००५ साली सान्योने एनेलूप हे सेल आणले आणि तेव्हापासून चार्ज टिकवून धरणारे सेल मिळू लागले. पाकिटावर 'आधीच चार्ज केलेले' असं लिहिलेलं असतं, ते घ्या.

सेलची जागा उघडल्यावर आत पांढरी-हिरवट पूड दिसली तर घाबरू नका. आत विसरलेला सेल पाझरला आहे. अल्कलाइन सेलमधून निघतं ते अल्कधर्मी असतं, म्हणून त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चालतो. झिंक-कार्बन सेल पाझरला असेल तर ते आम्लधर्मी, तिथे पाण्यात कालवलेला खायचा सोडा. कान साफ करायची काडी जेमतेम ओली करायची, थेंब गळता कामा नये. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत काडी फिरवताना बारीक बुडबुडे येतात, पूड सुटते आणि खालचा धातू दिसायला लागतो. काडी काळी झाली की दुसरी घ्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या काडीने पुसून रात्रभर वाळू द्या. धातूवर काळपट थर उरला असेल तर पेन्सिलीचा खोडरबर घासा. सॅंडपेपर नको, वरचा निकेलचा मुलामा गेला की पुन्हा गंज धरतो. हातमोजे घाला, आणि ती पूड डोळ्यांत जाऊ देऊ नका.

ज्या कॅमेऱ्यांत लिथियम-आयन बॅटरी असते त्यांत वेगळी गोष्ट पाहायची. बॅटरी फुगलेली आहे का? सपाट टेबलावर ठेवून बोटाने ढकला. गोल फिरली तर फुगली आहे. ती दाबून बसवू नका, टोचू नका, चार्ज करू नका. ई-कचऱ्यात द्या आणि त्याच क्रमांकाची नवी घ्या.

झाकण, कार्ड, तारीख

पॉवरशॉट ए मालिकेत सेलच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा खटका तुटणं ही अगदी नेहमीची तक्रार. दोन सेल आणि स्प्रिंगांचा दाब त्या नखाएवढ्या प्लॅस्टिकवर असतो, कधीतरी ते जातंच. शिवाय अनेक कॅमेऱ्यांत झाकणाच्या आतल्या बाजूला एक बारीक दांडी असते. झाकण लागलं की ती आतलं बटण दाबते. दांडी तुटली की कॅमेऱ्याच्या लेखी झाकण उघडंच असतं, आणि नवेकोरे सेल घातले तरी तो जागा होत नाही. टॉर्च मारून ते बटण शोधा, झाकण लावून घट्ट दाबून धरा आणि कॅमेरा सुरू करून बघा. चालला तर आतल्या जागी प्लॅस्टिकचा छोटा तुकडा चिकटवून आणि बाहेरून रुंद रबरबँड लावून काम भागतं. दिसायला बरं नाही, पण वर्षानुवर्षं चालतं.

कार्डाची गंमत पिढ्यांची आहे. जुनं एसडी कार्ड २ जीबीपर्यंत. २००६ साली एसडीएचसी आलं, ते ३२ जीबीपर्यंत. २००९ साली त्यावरचं एसडीएक्ससी. तिन्हींचा आकार तोच, खाचही तीच, पण २००६ आधीच्या कॅमेऱ्याला ४ जीबीचं कार्ड वाचताच येत नाही. आज दुकानात मोठी कार्डंच जास्त दिसतात, म्हणून माणसं ६४ जीबीचं घालतात आणि 'कार्ड एरर' आली की कॅमेऱ्याला दोष देतात. ए५७० आयएसला एसडीएचसी चालतं. तरी मी २ किंवा ४ जीबीचंच सुचवीन: २ जीबीतसुद्धा ७ मेगापिक्सेलचे सहाशेच्या आसपास फोटो बसतात. कार्ड संगणकावर नको, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, अर्थात आतले जुने फोटो आधी उतरवून. ऑलिम्पस-फुजीचं एक्सडी आणि सोनीचं मेमरी स्टिक ही कार्डं आता नवी जवळपास मिळत नाहीत; त्या कॅमेऱ्यासोबत कार्ड असेल तरच तो घ्यावा असं माझं मत आहे.

'कार्ड लॉक्ड' असं येत असेल तर कार्डाच्या डाव्या कडेची इवलीशी पट्टी बघा. ती सैल होऊन कार्ड घालतानाच खाली घसरते. वरच्या स्थितीत ठेवून त्यावर पातळ सेलोटेप लावला की झालं. जुन्या कार्डातून फोटो दिसत नसतील तर त्यावर नवा एकही फोटो काढू नका. आधी संगणकावर फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवून बघा. पुसलेल्या जागेत नवं काही लिहिलं गेलं नसेल तर पुष्कळ परत मिळतं.

दर वेळी तारीख विचारत असेल तर आतला नाण्यासारखा छोटा सेल संपला आहे. काही कॅमेऱ्यांत तो मुख्य सेलांशेजारच्या ट्रेमध्ये असतो. त्याच्यावरचा क्रमांक वाचून घड्याळजीकडून तसाच आणायचा. ट्रे नसेल तर तो आत बसवलेला आणि चार्ज होणारा असतो. भरलेली बॅटरी कॅमेऱ्यात घालून अर्धा दिवस ठेवा, तो आपोआप भरतो.

लेन्स एरर म्हणजे नेमकं काय

कॅननवर 'ई१८' किंवा 'लेन्स एरर', दुसऱ्यांवर 'कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करा' अशा अर्थाचं काहीतरी. हा संदेश म्हणजे लेन्सची काच फुटली असं नाही. एकात एक सरकणाऱ्या दोन-तीन नळ्या असतात, त्यांच्या आत तिरक्या खाचा. एक चिमुकली मोटर प्लॅस्टिकच्या गिअरांमार्फत बाहेरची नळी फिरवते आणि खाचांमुळे आतली पुढे येते. ती जागेवर पोहोचली का, हे एक प्रकाशाचा सेन्सर बघत असतो. ठरलेल्या वेळात खूण मिळाली नाही तर मोटर जळू नये म्हणून कॅमेरा सगळं थांबवतो. संदेशाचा अर्थ एवढाच: नळी वेळेत पोहोचली नाही. का पोहोचली नाही, हे कानाने ओळखायचं.

ताजे चार्ज केलेले सेल घालून कॅमेरा कानाजवळ धरा. अजिबात आवाज नाही, तर मोटरपर्यंत वीजच जात नाही किंवा गिअर पूर्ण अडकलाय. नुसती मोटर भिरभिरतेय आणि लेन्स हलत नाही, तर गिअरचा दात तुटलाय. करकर आवाज करत अर्ध्यावर थांबते, तर वाळू. पूर्ण बाहेर येते, क्षणभर थांबते आणि मग एरर देऊन परत जाते, तर झूम ठीक आहे आणि बिघाड बहुधा फोकसच्या आतल्या भागात किंवा पट्टीसारख्या वायरीत आहे.

वाळूचा प्रकार आपल्याकडे फार. अलिबाग, गणपतीपुळे किंवा कळंगुटला नेलेला कॅमेरा पिशवीत टॉवेलसोबत परत येतो आणि वाळूचे कण नळ्यांच्या फटीत जाऊन बसतात. अशा वेळी लेन्स जमिनीकडे करून रबरी फुग्याने फटीभोवती हवा मारा. मग अगदी पातळ कागदाची पट्टी फटीत घालून हळूच गोल फिरवा, पुन्हा हवा मारा, पुन्हा सुरू करून बघा. हे पाच-सात वेळा करायला लागलं तरी कंटाळू नका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. ती वाळू आणखी आत ढकलते आणि तिच्यात तेलाचे, पाण्याचे थेंब असतात. गंज काढायचा फवाराही मारू नका. तेल पसरत पसरत छिद्राच्या पाकळ्यांवर पोहोचतं, त्या एकमेकींना चिकटतात, आणि एका बिघाडाचे दोन होतात.

पडल्यामुळे नळी तिरकी झाली असेल तर उचललेल्या बाजूवर अंगठ्याने हलका, सरळ दाब दिल्यावर ती कधी कधी 'टक्' करून खाचेत परत बसते. कॅमेरा गेला तरी चालेल अशी मनाची तयारी असेल तरच हे करा. गिअर तुटलेला असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा बंद कॅमेरा आणून त्याची अख्खी लेन्स बसवणं हाच व्यवहार्य मार्ग. सुटे गिअर मिळत नाहीत.

फोटो वाईट येत असेल तर

आता त्या दोन परीक्षा. पडद्यावरचं चित्र छान, पण काढलेला फोटो पूर्ण काळा: शटर बंद स्थितीत अडकतंय. पडद्यावर छान, पण उन्हातला फोटो पांढराफटक आणि त्यात रेघा: शटर बंदच होत नाहीये, त्यामुळे ओळी सरकत असताना त्यांच्यावर प्रकाश पडत राहतो. फ्लॅश बंद करून, वेग बदलत वीस-तीस फोटो काढले तर चिकटलेली पाती कधी कधी मोकळी होतात.

पडद्यावरचं चित्रही जांभळं किंवा ओघळल्यासारखं, पण मेनू आणि कार्डावरचे जुने फोटो स्वच्छ दिसतायत: मग पडदा चांगला आहे, सेन्सर गेला. यामागे मोठा इतिहास आहे. २००५च्या ऑक्टोबरमध्ये कॅननसह बऱ्याच कंपन्यांनी आपापल्या मॉडेलांच्या याद्या जाहीर करून हा दोष फुकट दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली. सेन्सर सोनीने बनवलेले होते, म्हणून एकाच वेळी इतक्या कंपन्या अडचणीत आल्या. सेन्सरच्या आवरणातल्या केसाहून बारीक तारांचे सांधे सुटत होते, आणि ते जास्त करून उष्ण, दमट हवेत होत होतं. मुंबई-कोकणासारख्या हवेत. कॅननचे ए६०, ए७०, ए७५ त्या यादीत होते. ती फुकट सेवा आता उरलेली नाही, तेव्हा २००२ ते २००४ दरम्यानचा कॅमेरा जुन्या बाजारात घेत असाल तर पैसे देण्याआधी पडद्यावरचं चित्र नीट बघून घ्या.

उघडायचाच असेल तर

इथे मी हात जोडून सांगतो: फ्लॅशचा कपॅसिटर समजून घेतल्याशिवाय एकही स्क्रू काढू नका. सेल तीन व्होल्टचे असले तरी फ्लॅशसाठी तो दाब सुमारे ३०० व्होल्टपर्यंत वाढवून एका काळ्या नळकांड्यात, म्हणजेच कपॅसिटरमध्ये, साठवलेला असतो. सेल काढल्यावरही तो कित्येक दिवस टिकू शकतो. त्याचे पाय बोटांना लागले तर जबर झटका बसतो, हात भाजू शकतो, आणि ज्यांचं हृदय कमजोर आहे किंवा ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

कपॅसिटर रिकामा करायला एक ते दोन किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत काही रुपयांत मिळतो. त्याचे पाय इन्सुलेटेड चिमट्यात धरून कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद टेकवायचे, मग मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजायचे, आणि आकडा दोन-तीन व्होल्टच्या खाली आल्यावरच पुढे जायचं. स्क्रूड्रायव्हर आडवा लावून ठिणगी काढणारे व्हिडिओ दिसतात, तसं करू नका. धातू वितळून उडतो आणि बोर्ड जळू शकतो.

बाकी सूचना साध्या आहेत. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) पद्धतीचे असतात. नेहमीचा चौफुलीचा (फिलिप्स) स्क्रूड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही आणि खाच झिजवतो. कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढून काढलेला प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी टेपने चिकटवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू भलत्या जागी गेला तर पडद्यालाच भोक पाडतो. पट्टीसारखी वायर ओढायची नाही, आधी तिच्या सॉकेटचा खटका नखाने वर करायचा.

पावसाळा

लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढली की ती काचेवरचा लेप खाते, आणि पुसली तरी खूण राहते. साधारण ६०-६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता राहिली की तिला वाढायला बळ मिळतं, आणि जून ते सप्टेंबर आपली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. चामड्याची केस सर्वांत वाईट, तीच ओल धरते. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक, एवढं पुरे. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान हवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरायचे. ठेवताना सेल नक्की काढा.

आणि वापरायचा कसा

सीसीडीच्या रंगांत काहीतरी जादू आहे असं हल्ली फार बोललं जातं. मला ते अतिशयोक्त वाटतं. त्या फोटोंचा जो बाज आवडतो तो बराचसा कॅमेऱ्यातल्या रंगप्रक्रियेमुळे, चटकन पांढऱ्या पडणाऱ्या उजळ भागांमुळे आणि मुख्यतः फ्लॅशमुळे येतो. तो फ्लॅश मात्र खरोखर फोनपेक्षा सरस आहे. फोनमध्ये दिवा लागतो. इथे झेनॉनची नळी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास प्रचंड उजेड टाकते. लेझीमचं पथक, हळदीत उडणारे हात, गरब्याचा घेर, सगळं जागच्या जागी थांबतं. त्याची पोच साधारण तीन मीटर आहे, म्हणून मंडपात जवळ जा.

भर दुपारीही फ्लॅश सक्तीने सुरू ठेवून बघा. फेट्याखाली किंवा टोपीखाली काळवंडलेला चेहरा उजळतो आणि मागचं आकाशही टिकतं. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८० किंवा १०० वर ठेवा, ४०० च्या वर दाणे उठतात. 'ऑटो' सोडून 'पी' (प्रोग्रॅम) वर या आणि ऊन कडक असेल तर उजळपणा एक-तृतीयांश किंवा दोन-तृतीयांश टप्पा खाली घ्या.

बटण एका दमात दाबू नका. अर्धं दाबा, हिरवी चौकट येईपर्यंत थांबा, मग पूर्ण दाबा. कॅमेरा फार उशिरा फोटो काढतो ही तक्रार बहुतेक या अर्ध्या दाबण्याने संपते, कारण वेळ फोकस करण्यात जात असतो. पळणाऱ्या मुलाचा फोटो हवा असेल तर ते जिथे येणार तिथल्या जमिनीवर आधीच अर्धं दाबून ठेवा आणि ते तिथे पोहोचलं की उरलेलं दाबा.